एक माणूस, दोन आवृत्त्या

मराठी समीक्षकांनी आजवर कादंबरी तपासली, नवकविता तपासली, दिवाळी अंकांतली राशिभविष्यं तेवढी सोडली. पण ज्या लिखाणाखाली प्रत्येक शिकलेला माणूस वर्षातून आठ-दहा वेळा ‘वाचले, मान्य आहे’ असं कबूल करतो, त्या लिखाणाकडे एकानेही ढुंकून पाहिलेलं नाही. मी सॉफ्टवेअरच्या परवाना-करारांविषयी बोलतोय. ही उणीव भरून काढायला कुणी प्राध्यापक पुढे येईल असं वाटत नाही, तेव्हा एका बी.कॉम. झालेल्या बँक कारकुनाने हे धाडस केलं तर रसिकांनी सांभाळून घ्यावं. बारीक टाइपातलं वाचणं हा आमचा धंदाच आहे. कर्जाचे कागद कर्जदार वाचत नाही, जामीनदार तर सही कुठे करायची तेवढंच विचारतो. कुणीतरी वाचायला हवं, म्हणून कारकून वाचतो.

निमित्त झालं माझ्या भाच्याचं. पुण्यात त्याचं घरांचे, गोदामांचे आराखडे करून देणारं छोटंसं ऑफिस आहे. तो आणि चार मुलं, पाच संगणक, एक चहाचा थर्मास. आराखडे काढायचा प्रोग्रॅम भाड्याने घेतलेला, एका वेळी पाच जणांनी वापरायचा अशा बोलीवर. एका रविवारी सकाळी तो बिल आणि अडतीस पानी करारपत्र घेऊन आमच्याकडे आला. बिलात नेहमीच्या भाड्याखाली एक नवी ओळ होती. ‘जादा वापर : ११’. पुढची रक्कम बघून मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“मामा, माणसं पाच. खुर्च्यासुद्धा पाचच आहेत. मग हा सहावा कोण?”

“पाहुणे येऊन बसले असतील,” आमची ही आतून म्हणाली.

पाहुणे अकरा वेळा येतात, पण आराखडे काढायला येत नाहीत. मी चष्मा पुसला आणि करार हातात घेतला.

साहित्यकृती म्हणून सांगायचं तर सुरुवात संथ आहे. नायकाचं नाव ‘आपण’. त्याला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काय काय करता येणार नाही हेच सांगितलेलं असल्यामुळे व्यक्तिरेखेचा विकास होत नाही. दुसऱ्या कलमात व्याख्या. एकट्या ‘वापर’ या शब्दाला पाऊण पान दिलंय. प्रोग्रॅम बसवणं, उघडणं, चालवणं, पडद्यावर दिसू देणं, संगणकाच्या स्मृतीत राहू देणं, हे सगळं वापर. म्हणजे आपल्या दारात कुणी स्कूटर लावून गेला आणि ती आपल्याला खिडकीतून दिसली, तर आपण ती चालवली. रहस्यकथेतला खुनी पहिल्याच प्रकरणात चहा देऊन जातो आणि वाचकाच्या लक्षात राहत नाही, तसं या कृतीतलं खरं पात्र चौदाव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात गुपचूप येऊन जातं : ‘प्रत्येक आवृत्तीचा वापर हा स्वतंत्र वापर समजण्यात येईल.’

“तुमच्याकडे या प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या आहेत का रे?”

“आहेत ना! आम्ही नवी वापरतो. पण एका ठेकेदाराकडे अजून जुनीच आहे, नवीतली फाइल त्याच्याकडे उघडत नाही. म्हणून मी एकीकडे जुनी उघडून ठेवतो आणि बघून बघून...”

सहावा सापडला. तो भाचाच होता. एकाच खुर्चीत, एकाच संगणकासमोर, एका हाताने मान खाजवत बसलेला तो एक माणूस हिशेबाला दोन होता. बाकीचे चौघे हजर असले की झाले सहा. असं महिन्यात अकरा दिवस.

आता वाचकांनी माझ्याबरोबर जरा आमच्या वाचनालयात यावं. तिथे सभासद दोनशे आणि गाजलेल्या कादंबरीच्या प्रती चार. चार प्रती बाहेर गेल्या की पाचव्याने वहीत नाव लिहून थांबायचं. कुणी परत आणली की पाचव्याला मिळते. संगणकवाल्यांनी हीच पद्धत उचलली. एका संगणकावर एक ग्रंथपाल बसवायचा, प्रोग्रॅम उघडताना प्रत्येकाने त्याच्याकडून परवाना उचलायचा, बंद करताना परत ठेवायचा. या जातीचा फार प्रसिद्ध ग्रंथपाल म्हणजे फ्लेक्सएलएम, पुढे त्याचं नाव फ्लेक्सनेट झालं. त्याच्याजवळ एक साधी मजकुराची फाइल असते. एकेका ओळीत प्रोग्रॅमचं नाव, जास्तीत जास्त कितवी आवृत्ती चालेल तो आकडा, मुदत, किती प्रती, आणि कुणी खाडाखोड करू नये म्हणून शेवटी एक गुप्त खूण. त्या आकड्याच्या आतली जुनी आवृत्ती मागितली तरी तो देतो. आणि रोजनामचाही लिहितो. कुणी नेला, कुणी परत केला, कुणाला नाही म्हटलं, सगळं वेळेसकट.

मला आवडला तो एक बारकावा. त्याच माणसाने त्याच संगणकावरून प्रोग्रॅम पुन्हा उघडला तर एक धरायचा की दोन, हे त्या ओळीत लिहिता येतं. ‘एकच धर’ म्हणून लिहिलं तर तो एक धरतो. काहीच लिहिलं नाही तर प्रत्येक उघडणं वेगळं. तेव्हा एका माणसाला एक मोजणं यंत्राला जमत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. यंत्राला जमतं. ओळ लिहिणाऱ्याच्या मनात असावं लागतं. आमच्या वाचनालयातल्या बाई तर एखाद्याने पहिली आणि पाचवी आवृत्ती शेजारी ठेवून शुद्धलेखनाच्या चुका शोधल्या असत्या, तर त्याला चहा पाजतील.

आवृत्त्यांच्या या वाङ्मयातली माझ्या मते अभिजात कृती म्हणजे जावा. ही मूळची सन कंपनीची, २०१० साली ऑरॅकलकडे गेली. जावाची आठवी आवृत्ती असंख्य कंपन्या फुकट वापरत होत्या. जानेवारी २०१९मध्ये तिची २०२ क्रमांकाची सुधारणा आली, ती फुकट. एप्रिलमध्ये २११ आली, ती धंद्यासाठी वापरायची तर पैसे. दिसायला दोघी सारख्या. नऊ आकड्यांच्या फरकात एक माहेरवाशीण आणि दुसरी सासूबाई. पुढे सप्टेंबर २०२१मध्ये सतरावी आवृत्ती आली ती पुन्हा फुकट, पण तिच्या सुधारणा सप्टेंबर २०२४पर्यंतच फुकट, त्यानंतरच्या सुधारणांना पैसे. म्हणजे संगणकावर जावा आहे का, या प्रश्नाला ‘आहे’ हे उत्तर चालत नाही. कितवी, कुठली सुधारणा, कधी उतरवली, हे सगळं कुंडलीसारखं मांडावं लागतं.

मग जानेवारी २०२३मध्ये ऑरॅकलने कुंडली मांडायचा त्रासच वाचवला. तोपर्यंत वर्गणी वापरणाऱ्यांवर होती, दर माणशी दर महिना अडीच डॉलर, किंवा सर्व्हरच्या प्रोसेसरवर पंचवीस. नवा दर कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांवर : हजाराच्या आत असाल तर दरडोई महिना १५ डॉलर. कर्मचारी म्हणजे पूर्णवेळ, अर्धवेळ, हंगामी, शिवाय कंपनीच्या अंतर्गत कामाला हातभार लावणारी ठेकेदारांची माणसंसुद्धा. ती जावा वापरतात का, हा प्रश्नच नाही. समजा एखाद्या कारखान्यात पाचशे माणसं आहेत आणि हिशेब खात्यातले वीस जण आपापल्या संगणकावर जावा वापरतात. जुन्या दराने महिन्याला ५० डॉलर. नव्याने ७,५००. घरात एक जण वर्तमानपत्र वाचतो, पण पेपरवाला बिल करताना पाळण्यातलं मूलही मोजतो. ते रद्दीवर झोपतं, असं त्याचं म्हणणं असावं.

खरं सांगायचं तर मोजायला सोपं काय, हे शोधायची खोड जुनीच आहे. मायक्रोसॉफ्ट संगणक बनवणाऱ्यांकडून डॉसचे पैसे घ्यायची, त्यात एक प्रकार असा होता की ठरावीक जातीचा प्रोसेसर असलेला संगणक विकला की पैसे द्यायचे, त्यात डॉस घातलं असो वा नसो. अमेरिकी न्याय खात्याशी १९९४ साली झालेल्या तडजोडीत ते बंद झालं. म्हणजे लाडू मोजायचे सोडून डबे मोजायचे, ही कल्पना एकदा सरकारदरबारी निकालात निघालेली आहे.

आणि मोजतं कोण? सप्टेंबर २०२३मध्ये युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी जाहीर केलं की ठरावीक कमाई आणि ठरावीक संख्या ओलांडली की खेळ जितक्या वेळा बसवला जाईल तितक्या वेळा पैसे, छोट्या परवान्याला दर वेळी २० सेंटपर्यंत. एकाच माणसाने पुसून पुन्हा बसवला तर? आधी म्हणाले धरू, मग म्हणाले नाही धरत. आकडा कसा काढणार? तर म्हणे आमची स्वतःची अंदाजाची रीत आहे. खेळ बनवणारे इतके खवळले की दहा दिवसांत माघार सुरू झाली. आकार फक्त पुढच्या नव्या आवृत्तीवर बनवलेल्या खेळांना, जुनीवर राहिलात तर नाही. सप्टेंबर २०२४मध्ये तर खेळांवरचा तो आकारच रद्द झाला. अंदाजाने व्याज लावलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी काउंटरवर कुणी जिवंत ठेवलं नसतं.

गैरसमज नको. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही पोट आहे, आणि जुन्या आवृत्त्या सांभाळायला माणसं लागतात. फुटपाथवर सगळं सॉफ्टवेअर एका चकतीत विकत घेणाऱ्या पिढीतला मी, मला फुकट्यांचा पुळका यायचं कारण नाही. माझं भांडण दराशी नाहीच. आमच्याकडे खातं बँकेत असतं, पण पासबुक ग्राहकाच्या घरी. नोंद एक जण करतो, तपासतो दुसरा. यात आमचा चांगुलपणा काही नाही, आम्हाला तसं करावं लागतं. घरातला ग्रंथपाल होता तोवर त्याचा रोजनामचा निदान आपल्या संगणकावर होता. भाच्याचा प्रोग्रॅम मात्र थेट विक्रेत्याकडे हजेरी लावतो. वही त्यांची, मोजणारे ते, बिल करणारेही ते. ग्राहकाकडे काय? ‘वाचले, मान्य आहे’.

म्हणून मी भाच्याला एक दोनशे पानी वही घेऊन दिली आणि तिला दोरीने पेन बांधलं. कोण, कुठली आवृत्ती, किती वाजता उघडली, किती वाजता बंद केली. मुलं हसली. आठवड्याभरात कोण किती वाजता ऑफिसात येतं तेही त्यात दिसू लागलं, तेव्हा हसायची थांबली. भाचा आता जुनी आवृत्ती उघडण्याआधी नवी बंद करतो आणि मधल्या वेळात मान खाजवतो.

पुढच्या महिन्यात वहीप्रमाणे जादा वापर शून्य, बिलाप्रमाणे दोन. एक लागला. वीज जाऊन एका मुलाचा संगणक बंद पडला होता, त्यामुळे प्रोग्रॅम मिटल्याचा निरोप तिकडे गेलाच नाही. वीज आल्यावर त्याने पुन्हा उघडला तेव्हा तो तिकडे दुसरा माणूस म्हणून जन्माला आला. दुसरा काही केल्या लागेना. मी स्वतः फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली.

“सर, सिस्टीममध्ये तसं दिसतंय.”

“मग ते आम्हालाही दाखवा.”

“सर, ते इंटर्नल असतं.”

आमच्या धंद्यात जे जुळत नाही आणि सोडताही येत नाही, ते उचंत खात्यात टाकतात. भाच्याला तसं एक खातं काढून दिलं. खात्याला नाव काय द्यायचं विचारलं, तर त्याने ‘सहावा’ असं घातलंय.