मिच्छाचार कशास म्हणावे?

समलिंगी स्त्रीपुरुषांविषयी बौद्ध धर्मगुरूंचे मत पालटत आहे, असे आता सर्रास म्हटले जाते. मत पालटले हे खरे. पण ते कोणत्या आधारावर, याची चिकित्सा क्वचितच होते.

दलाई लामांनी १९९७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे समलिंगी बौद्धांच्या प्रतिनिधींची भेट घेतली. भेदभाव व हिंसा यांचा त्यांनी निषेध केला; मात्र परंपरेच्या ग्रंथांत असा संबंध मिथ्याचार ठरला असून तो नियम आपणास एकट्याने बदलता येणार नाही, असेही सांगितले. २०१४ साली एका अमेरिकन दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांनी समलिंगी विवाहास हरकत घेतली नाही; परंतु श्रद्धावंताने आपापल्या धर्माचे नियम पाळावेत, ही पुस्ती जोडली. या सहिष्णुतेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण ग्रंथ होता तेथेच राहिला.

तैवानच्या भिक्खुनी चाओ-ह्वे यांची रीत निराळी. अष्ट गुरुधर्मांना २००१ साली जाहीर आव्हान देणाऱ्या विदुषी त्या याच. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांनी दोन बौद्ध स्त्रियांचा विवाह लावला. तेथील कायद्याने अशा विवाहास मान्यता दिली ती २०१९ मध्ये!

मूळ पालि सुत्तांत काय आहे? सालेय्यक सुत्तात मिच्छाचार म्हणजे आईबाप, भाऊ, बहीण वा नातलग यांच्या रक्षणाखालील, तसेच विवाहित वा वाग्दत्त स्त्रीशी संबंध. समलिंगी संबंधाचा तेथे उल्लेख नाही. शरीराचे मार्ग मोजणारी यादी अभिधर्मकोशासारख्या उत्तरकालीन शास्त्रांतली आहे. मात्र एवढ्यावरून त्रिपिटक निर्दोष ठरविण्याची घाई नको. महावग्गात पंडकास उपसंपदा नाकारली आहे. पंडक म्हणजे नेमका कोण, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण मतभेदाने नियम पुसला जात नाही. आमच्यातील काही लेखक त्यास वळसा घालून जातात, ते प्रामाणिकपणाचे नव्हे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बोधिसत्त्व बाबासाहेबांनी बुद्धवचनाच्या कसोट्या दिल्या आहेत : ते बुद्धिसंगत असावे, मानवाच्या हिताचे असावे. पंडकाचा नियमही याच कसोटीवर घासला पाहिजे. बाबासाहेबांस हा विषय अस्पृश्य नव्हता. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. १९३४ च्या त्या अश्लीलतेच्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले आणि ते हरले. २०१८ साली कलम ३७७ विषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आधार घेतला तो त्यांनीच संविधान सभेत मांडलेल्या संविधानिक नैतिकतेचा. २०२३ साली त्याच न्यायालयाने विवाहाचा हक्क मात्र नाकारला.

चाओ-ह्वे कायद्यासाठी थांबल्या नाहीत. त्रिसरण-पंचशील घेऊन मंगल परिणयास उभे राहू इच्छिणाऱ्या अशा जोडप्यास आमचे बौद्धाचार्य काय उत्तर देणार, हा विषय विहारांच्या बैठकीत आता घ्यावयास हवा.