डोळ्यांच्या अनैच्छिक प्रतिक्रियांचे अभिसंधान : एक चिकित्सा

अभिजात अभिसंधान म्हणजे अनैच्छिक प्रतिक्रियेचे शिक्षण, अशी व्याख्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सर्रास आढळते. मानवी डोळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे या व्याख्येतील ‘अनैच्छिक’ या शब्दाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बाहुलीचे आकुंचन-प्रसरण स्वायत्त मज्जासंस्थेच्या अधीन असते. पापणीची उघडझाप मात्र प्रतिक्षेपाने घडते, तशीच इच्छेनेही घडते. केसन यांनी १९२२ मध्ये या दोन्ही प्रतिक्रियांचे अभिसंधान झाल्याचे मांडले. हडगिन्स यांनी १९३३ मध्ये त्याही पुढे जाऊन, प्रकाश व घंटा यांच्या जोडीपासून आरंभ करून अखेरीस मनातल्या मनात उच्चारलेल्या शब्दानेही बाहुली आकुंचित होते, असा दावा केला. इच्छेचे कोडेच जणू यातून सुटणार होते! परंतु स्टेकल व रेनशॉ (१९३४) आणि पुढे यंग (१९५८) यांच्या प्रयोगांत प्रकाशाच्या आधारे असे अभिसंधान सिद्ध झाले नाही. याउलट गेरॉल, सॅम्पसन व बॉस्लोव्ह यांना १९५७ मध्ये विजेच्या धक्क्याच्या साहाय्याने बाहुलीच्या प्रसरणाचे अभिसंधान साधता आले. प्रतिक्षेप असला की तो कोणत्याही उद्दीपकाशी जोडता येतो, हे गृहीतक येथेच डळमळते. धक्क्याने बाहुली शिकली की भीती शिकली, हा प्रश्नही उरतो.

पापणीच्या प्रयोगांत अडचण निराळी आहे. ध्वनीनंतर डोळ्यावर हवेचा झोत येणार, हे कळल्यावर व्यक्ती जाणूनबुजून डोळे मिटू शकते. क्लार्क व स्क्वायर यांनी १९९८ मध्ये दाखविले की, ध्वनी चालू असतानाच झोत आला तर स्मृतिभ्रंशाचे रुग्णही शिकतात. दोहोंत रिकामा काळ ठेवल्यास मात्र ते शिकत नाहीत, आणि निरोगी व्यक्तींपैकीही ज्यांना हा संबंध उमगला त्यांनाच ते साधते. लोव्हिबाँड व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पहिल्या प्रकारातही जाणीव आवश्यक असल्याचे प्रतिपादन केल्याने हा वाद मिटलेला नाही.

तात्पर्य, ‘अनैच्छिक’, ‘अजाणता’ आणि ‘प्रतिक्षेपात्मक’ हे शब्द समानार्थी नव्हेत. पाठ्यपुस्तके ते एकमेकांच्या जागी वापरतात, तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती निष्कर्ष पडतो. ज्या प्रश्नातून हे संशोधन उभे राहिले, तो प्रश्न मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.