पहिले पुराण, दुसरे पुराण आणि आमचा ‘जुना करार’

मिस्साबलिदानात द्राक्षारसाचा प्याला उंचावण्यापूर्वी धर्मगुरू जे शब्द उच्चारतात, त्यांत ‘नव्या करारा’चा उल्लेख येतो. हे शब्द आपण दर रविवारी ऐकतो आणि गुडघे टेकतो. परंतु ‘करार’ म्हणजे काय आणि तो ‘नवा’ कशामुळे, हा प्रश्न क्वचितच आपल्या मनात उभा राहतो. जुना करार रद्द झाला, त्या जागी नवा आला, आणि जुन्याशी आता आपले काही देणेघेणे उरले नाही, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या अनेक घरांत रुजलेली आहे. ही समजूत चुकीची आहे, एवढेच नव्हे तर ती आपल्याला दरिद्री करणारी आहे, असे आमचे मत आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या दोन मानदंडांच्या आधारे ते मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांना ‘करार’ परका नाही. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवू शकत नाही. अशा कानांना करार म्हणजे देवघेव, अट आणि मोडल्यास दंड. मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’ याहून वेगळे सांगतो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राम गाढ झोपलेला असताना दुभागलेल्या पशूंच्या मधून देवाचा अग्नी एकटाच जातो. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वचन मोडणाऱ्याची गत त्या पशूंसारखी व्हावयाची. येथे ती जोखीम देव एकटा पत्करतो. बायबलचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनीही दोन समान पक्षांच्या सौद्यासाठी असलेला शब्द टाळून ‘दियाथेके’ हा शब्द निवडला. त्याचा एक अर्थ मृत्युपत्र असा होतो. मृत्युपत्र वारसाला मिळते. ते त्याने कमावलेले नसते. आपल्या भाषेत या अर्थाच्या जवळ जाणारा शब्द ‘करारी’ हाच आहे. करारी माणूस म्हणजे दिलेल्या शब्दावरून न ढळणारा. करार या शब्दात कागदाबरोबर हा ठामपणाही आहे, आणि पवित्र शास्त्रातला करार म्हणजे देवाचा करारीपणा होय.

देव जर असा करारी, तर त्याचे पहिले वचन त्याने मागे घेतले असे कसे म्हणावे? हा प्रश्न मराठीत सर्वप्रथम ज्याच्या ग्रंथरचनेतून सुटलेला दिसतो तो कवी म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आला आणि आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे त्याने तेथेच घालवली. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या त्याच्या ग्रंथाला आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्याचे दोन भाग आहेत आणि त्यांची नावे ‘पैलें पुराण’ व ‘दुसरें पुराण’ अशी आहेत. टीकाकारांनी स्टीफन्सच्या भाषेविषयी पुष्कळ लिहिले. या दोन साध्या नावांकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. त्याने ‘जुने’ आणि ‘नवे’ म्हटले नाही, ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ म्हटले. जुने टाकून देता येते. पहिल्यावाचून दुसरे मोजताच येत नाही. ख्रिस्ताचे चरित्र सांगण्यास निघालेल्या कवीने ग्रंथाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग ख्रिस्तजन्मापूर्वीच्या कथेला दिला, तो उगाच नव्हे. श्रोत्यांना वाट पाहावयास लावल्यावाचून तारणाऱ्याच्या येण्याचा आनंद कळत नाही, हे त्याने जाणले होते.

तरीही स्टीफन्सच्या ग्रंथाला एक मर्यादा आहे. साष्टीतील त्याच्या श्रोत्यांच्या घरातून पूर्वीची पुराणे बळाने काढून घेण्यात आली होती, आणि ती पोकळी भरण्यासाठी हे पुराण रचले गेले. इस्राएलचा पहिला करार त्यांना मिळाला. परंतु त्यांच्या स्वतःच्या पूर्वजांना देव काही बोलला होता काय, या प्रश्नाला त्या पुराणात जागा नव्हती. ओवीचे रूप स्वीकारले गेले. ओवीमागची उपासना मात्र टाकाऊ ठरली.

हा राहिलेला प्रश्न तीनशे वर्षांनंतर आपल्याच जिल्ह्यात उभा राहिला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक अहमदनगरास आले. राहुरीतही त्यांच्या कुटुंबाचा काही वर्षे मुक्काम होता. याच राहुरी तालुक्यात, केंदळ येथे, १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. टिळक प्रॉटेस्टंट मंडळीचे. तथापि त्यांच्या अभंगांवर आपलाही हक्क आहे. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचे ठरविले, आणि त्या वेळी जो विचार मांडला त्याने अनेकांच्या भुवया उंचावल्या. हिंदू संतांची वाणी हा आपला पहिला जुना करार होय, असा त्याचा आशय होता. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यातले. तुकोबांच्या अभंगांवर टिळकांचा पिंड पोसलेला. ज्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो ती वाट देवानेच आखली होती, असे या कृतज्ञ मनाला वाटले.

या विचाराचे मोल आम्ही कमी लेखत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्याच्या किरणांचा आदर करावयास सांगितले. टिळक त्याच्या अर्धे शतक आधी बोलत होते. तथापि या विचारापुढे दोन गंभीर आक्षेप उभे राहतात.

पहिला आक्षेप आपल्याच वस्त्यांतून येतो. टिळकांचा ‘जुना करार’ हा ब्राह्मण घरात वाढलेल्या एका थोर कवीचा होता. आपल्या धर्मग्रामांतील बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले. त्यांच्यातला चोखोबा पंढरीच्या महाद्वाराबाहेरच विसावला, आणि दलितांसाठी ते मंदिर उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. या कुटुंबांना संतवाणीतील माधुर्य परके नाही. पण त्यांना त्याहून निकडीची एक गोष्ट हवी होती आणि ती निर्गमाच्या ग्रंथात आहे. विटा थापणाऱ्या गुलामांचा आक्रोश देव ऐकतो, त्यांना बाहेर काढतो आणि मगच सिनाय पर्वतावर त्यांच्याशी करार करतो. सुटका आधी, आज्ञा नंतर. ज्याने उचल फेडण्यात हंगाम घालवले त्याला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. संतवाणी निर्गमाच्या शेजारी सन्मानाने बसू शकते. त्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की पहिला करार मालकावाचून पडलेला नाही. ज्यांच्याशी तो झाला ते लोक आहेत, आणि त्यांतले काही तर मराठी बोलणारे आहेत. कोकणातील बेने इस्राएल समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. वल्हांडणाच्या रात्री म्हणावयाची त्यांची हग्गादा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. अब्राहाम आणि मोशे यांची आख्याने त्यांनी मराठी कीर्तनात गाइली. ज्याला आपण ‘जुना’ म्हणतो तो त्यांच्या घरात आजचा आहे. दुसऱ्या शतकात मार्सियनने हिब्रू शास्त्र टाकून देण्याचा आग्रह धरला तेव्हा ख्रिस्तसभेने त्यालाच नाकारले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली जर्मनीतील माइंझ येथे यहुदी प्रतिनिधींपुढे बोलताना, देवाने हा करार कधीही रद्द केलेला नाही, हे स्पष्ट केले.

मग इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात पहिला करार जुना झाला असे म्हटले आहे, त्याचे काय? हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. तेथे विषय मंदिरातील याजकपणाचा आणि पशुबलीचा आहे. ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पण केल्यावर त्या बलींचे प्रयोजन संपले. परंतु त्याच पत्राने यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायाचा आधार घेतला आहे, आणि तेथे नवा करार इस्राएल व यहूदा यांच्याच घराण्यांना देऊ केलेला आहे. नियम तोच, तो दगडावर होता, आता हृदयावर लिहावयाचा आहे. ‘जुना करार’ हा शब्दप्रयोग संपूर्ण नव्या करारात केवळ एकदाच येतो, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात. आणि तोच संत पौल रोमकरांना बजावतो की कलम केलेल्या रानटी फांदीने मुळापुढे मिरवू नये, कारण मूळ तिला धारण करते.

या कसोटीवर आमचा निर्णय असा : ‘पैलें’ व ‘दुसरें’ म्हणण्यात स्टीफन्सची दृष्टी अचूक होती; पूर्वजांची वाणी देवापासून तुटलेली नाही, हे टिळकांचे अंतर्ज्ञान खरे होते; परंतु तिला ‘जुना करार’ हे नाव देण्यात त्यांची चूक झाली. जे नाव दुसऱ्याच्या वारशाचे आहे ते आपल्या वारशाला लावू नये. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि चोखोबाचे अभंग यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने जपावे. बाप्तिस्मा झाला म्हणून ते टाकणे ही जशी हानी, तशीच निर्गमाचा ग्रंथ ‘जुना’ म्हणून मिटून ठेवणे हीही हानीच.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी रविवारच्या मिस्सेत सामान्यतः पत्र व शुभवर्तमान एवढेच वाचले जाई, आणि तेही लॅटिनमध्ये. १९६९ साली नवी वाचनमाला आली, आणि पुनरुत्थानाचा काळ वगळता बहुतेक रविवारी पहिले वाचन जुन्या करारातून होऊ लागले. पुष्कळ ठिकाणी त्याच वेळी मंडळी आत येऊन बाके शोधत असतात. वाचकहो, येत्या रविवारी थोडे आधी निघावे. तो प्याला उंचावला जाईल तेव्हा त्यात कोणते वचन ओतलेले आहे हे कळण्यासाठी ते पहिले वाचन बसून ऐकणे आवश्यक आहे.