पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’

पंडिता रमाबाईंविषयीं आपल्याकडे जें लिहिलें गेलें, त्यांतील बराचसा भाग शारदासदनाच्या वादानें नाहीं तर केडगांवच्या मुक्तिसदनाच्या वर्णनानें व्यापलेला आहे. धर्मांतर बरें कीं वाईट, याचा निवाडा करण्याची घाई दोन्ही पक्षांस इतकी कीं, ज्या बाईनें तें केलें तिनें स्वतः त्याविषयीं काय लिहून ठेविलें आहे हें पाहण्यास फारशी कोणास सवड होत नाहीं. १९०७ सालीं रमाबाईंनीं आपल्या श्रद्धेचा वृत्तान्त एका लहानशा इंग्रजी पुस्तिकेंत दिला. आपल्या अक्षय ठेव्याविषयींची साक्ष, अशा अर्थाचें तिचें नांव आहे. मिशनांच्या कपाटांत अशा साक्षींचा तोटा नाहीं, व त्यांपैकीं पुष्कळशा एकीसारख्या एक असतात: आधीं अंधार, मग प्रकाश, मग वाचकास आमंत्रण. रमाबाईंची साक्ष त्यांच्या पंक्तीस बसवितां येत नाहीं, असें आमचें मत आहे.

अशा लेखनांत बाप्तिस्मा हा कथेचा कळस असावयाचा. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. परंतु त्या सांगतात ती गोष्ट वेगळीच आहे. त्या वेळीं आपणांस ख्रिस्ती धर्म तेवढा मिळाला, ख्रिस्त मिळाला तो सुमारें आठ वर्षांनीं, असें त्या स्पष्ट लिहितात. हीं आठ वर्षें कोणतीं, तें लक्षांत घ्यावें. १८८७ मध्यें त्यांचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें इंग्रजी पुस्तक निघालें, अमेरिकेंत व्याख्यानें झालीं, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. म्हणजे ज्या काळीं ‘बाटलेली पंडिता’ म्हणून पुण्यामुंबईचीं पत्रें त्यांच्यावर तुटून पडत होतीं, त्या काळीं आपण देवाचे आहोंत याची खात्री त्यांच्या स्वतःच्या मनास झालेली नव्हती! नांव पदरीं पडलें होतें, निश्चिंती नव्हती. ती ज्या पुस्तकाच्या वाचनानें येऊं लागली तें विल्यम हॅस्लम यांचें. हे गृहस्थ आधींच दीक्षित धर्मोपदेशक असून स्वतःच्याच प्रवचनानें पालटले होते. तेव्हां त्यांचें आत्मवृत्त रमाबाईंच्या वर्मीं कां लागलें, हें वेगळें सांगावयास नको.

तथापि पुस्तिकेचें मर्म आम्हांस याच्याहि बऱ्याच मागल्या पानांत आढळतें. अनंतशास्त्री डोंगरे यांचें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडत असे. दुष्काळ आला, असलेला पैसा व्रतांत व दानांत संपला, आणि अन्नाची ददात पडली. देह थकलेला, दृष्टि गेलेली, अशा अवस्थेंत शास्त्रीबोवांनीं आपल्या धाकट्या मुलीस जवळ घेतलें. रमाबाई त्या वेळीं सोळा वर्षांच्या होत्या. आपण तिला देवाच्या स्वाधीन केलें आहे, ती आतां त्याची, व जन्मभर तिनें त्याचीच सेवा करावी, अशा आशयाचें कांहीं ते बोलले. बोलणारा पुराणिक ब्राह्मण, आणि लिहिणारी ख्रिस्ती बाई. मिशनऱ्यांच्या नेहमींच्या सांच्यांत हें पान बसण्यासारखें नव्हे. वडिलांस खऱ्या देवाची ओळख नव्हती असें रमाबाई मानतात. परंतु त्यांचा शब्द त्या खोटा ठरवीत नाहींत. पुढें त्यांस जी खात्री लाभली, ती त्याच शब्दाची भरपाई आहे असें आम्हांस वाटतें.

संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायांत देव व भक्त यांचें नातें दत्तकाच्या भाषेंत मांडलें आहे. आपल्याकडे दत्तक गेलेल्यास जनकाचें गोत्र सुटतें, आणि धर्मांतर करणाऱ्याविषयीं आपण धरून चालतों तेंहि हेंच. पण जुन्या दत्तविधानांत मूल देणारे जन्मदाते आईबापच लागत, हें आपण विसरतों. रमाबाईंच्या कथेंत तें दान बापाच्याच हातून झालें. (जुन्या शास्त्राप्रमाणें सामान्यतः मुलीस दत्तक घेत नसत, पण अनंतशास्त्र्यांनीं बायकोस व मुलीस संस्कृत शिकवितांना तरी जनरीत कोठें पाहिली होती?)

एका बाबतींत मात्र ‘साक्षी’वर सर्वस्वीं विसंबणें आम्हांस कठीण जातें. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ सालीं छापून निघाला. १८८५ सालच्या पत्रांत ही तरुण विधवा आपल्या धर्ममातेस बजावते कीं, एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें उतरविल्यावर दुसऱ्याचें मानेवर घेण्याची आपली तयारी नाहीं. परक्या देशांत, ज्यांच्या आश्रयास राहावयाचें त्यांच्याच तोंडावर असें बोलण्यास बळ कोठून येतें? आपण कोणाच्या, हें जिला मुळींच उमगलेलें नाहीं तिची ही भाषा असूं शकत नाहीं. १९०७ ची लेखिका १८८५ च्या लेखिकेस कमी लेखीत आहे. आणि त्यांत हॅस्लमच्या नमुन्याचा कांहीं हात असावा, अशी आम्हांस शंका येते. आठ वर्षें अगदीं रितीं दाखविलीं म्हणजे पुढील भरतीस उठाव येतो, हें खरें. पण पत्रांतील धग त्यापायीं गमावली.

शेवटच्या पानांविषयीं फारसें लिहिण्याजोगें नाहीं. त्यांत उपदेश आहे. १९०५ सालीं मुक्तिसदनांत धर्मजागृतीची मोठी लाट उसळली होती, तिच्या पाठोपाठ हें लिहिलें गेलें हें ध्यानीं घेतलें, तरी तेथील शब्द उसने वाटतात. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ येथें सहजच आठवतात. त्यांचें सोंवळें सुटलें तें १९०० सालच्या बाप्तिस्म्याच्या आधीं, आणि तो सारा पालट त्या चुलीपाशीं बसून बोलावें तशा बोलतात. उपदेशाची त्यांस गरजच पडत नाहीं. रमाबाईंस तशी विनोदबुद्धि नव्हती, व त्यांचें दुःखहि निराळ्या जातीचें होतें. दुष्काळाचीं पानें मात्र त्या एकहि शब्द वाढवून लिहीत नाहींत. आई, बाप, बहीण एकामागून एक जातात, आणि वाक्यें अधिकाधिक आंखूड होत जातात.