डॉ. गेल ऑम्व्हेट यांचे इतिहासलेखन आणि मराठवाड्याचे कोरे पान

डॉ. गेल ऑम्व्हेट यांचे २५ ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे निधन झाले. त्यानंतर जे लिहिले गेले त्यात त्यांच्या त्यागाचा गौरव पुष्कळ होता, ग्रंथांची चिकित्सा मात्र थोडीच होती. अमेरिकेत जन्मलेली ही विदुषी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाहबद्ध होऊन कासेगावची झाली, १९८३ साली तिने भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि श्रमिक मुक्ती दलाच्या लढ्यात ती खांद्याला खांदा लावून उभी राहिली, हे गौरवास्पद आहेच. परंतु इतिहासकाराला आदरांजली वाहावयाची ती त्याचे ग्रंथ तपासून. कालामसुत्ताचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी हे टाळू नये. त्यातही हिंगोली जिल्ह्यातील बौद्ध वाचकाला हे ग्रंथ वाचताना एक प्रश्न सतत पडतो: या इतिहासात आपले गाव कोठे आहे?

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला १९७३ साली सादर केलेला त्यांचा प्रबंध १९७६ मध्ये ‘कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी’ या नावाने मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १८७३ ते १९३० या काळातील पश्चिम भारताची ब्राह्मणेतर चळवळ हा त्याचा विषय. तोवर प्रस्थापित इतिहासकार या चळवळीकडे इंग्रजांनी फूस लावलेले जातीय राजकारण म्हणून पाहत. डॉ. ऑम्व्हेट यांनी तिला सांस्कृतिक बंडाचे स्थान दिले आणि महात्मा फुले यांना त्या बंडाच्या उगमस्थानी बसविले. मुकुंदराव पाटलांचे ‘दीनमित्र’ किंवा पाळेकरांची ‘जागृती’ यांसारखी पत्रे त्यांनी प्रमाण साधने म्हणून वाचली. ज्या कागदांना विद्यापीठे रद्दी समजत होती त्यांतून इतिहास उभा राहू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. आमच्या मते हे त्यांच्या एकूण कार्यातील सर्वांत टिकाऊ काम होय.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ग्रंथ ‘दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रिव्होल्यूशन’ हा होय. तो १९९४ साली आला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले तेही त्याच वर्षी, १४ जानेवारीला. डॉ. एलिनॉर झेलियट यांनी महार समाजाच्या चळवळीचा पाया खणून ठेवला होता आणि चां. भ. खैरमोडे यांनी चरित्राचे खंड रचून साधनांचा डोंगर उभा केला होता. ऑम्व्हेट यांनी त्यापलीकडे जाऊन नागपूर, आंध्र, म्हैसूर आणि हैदराबाद येथील दलित चळवळी एका सूत्रात गुंफल्या. आंबेडकरी चळवळ ही एका जातीची गाऱ्हाणी मांडणारी चळवळ नसून भारतीय लोकशाही क्रांतीचा गाभा आहे, हा त्यांचा सिद्धांत. जात ही केवळ मनातली समजूत नसून तिला उत्पादनव्यवस्थेचा भौतिक आधार आहे, असे सांगताना त्यांनी पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांचीही गय केली नाही.

आता हिंगोलीकडे वळू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ पर्यंत त्याचा कारभार हैदराबादहून चाले. म्हणजे आपला इतिहास त्यांच्या ग्रंथातील हैदराबादविषयक प्रकरणांत सापडावयास हवा. तेथे भाग्यरेड्डी वर्मा भेटतात, व्यंकटराव, सुब्बय्या, श्यामसुंदर भेटतात आणि तेलंगणातील सशस्त्र उठाव विस्ताराने येतो. मराठवाड्यातील खेड्याच्या वाट्याला त्या मानाने फार कमी जागा आली आहे.

यामागे केवळ लेखिकेची उपेक्षा नाही, तिच्या पद्धतीची मर्यादा आहे. मुंबई इलाख्यात १९२३ चा बोले ठराव होता, त्याच्या आधारे १९२७ चा महाड सत्याग्रह झाला आणि १९२८ मध्ये बाबासाहेब महार वतनाचे विधेयक कौन्सिलात मांडू शकले. कळमनुरी किंवा वसमतच्या महारवाड्याला असे कोणतेही कौन्सिल नव्हते. सरकारदरबारची भाषा उर्दू होती. पश्चिम महाराष्ट्रात मराठी वृत्तपत्रांच्या फायलींवर इतिहास लिहिता येतो. येथे तशा फायली तुटपुंज्या आहेत. बाबासाहेबांनी ३० डिसेंबर १९३८ रोजी मक्रणपूरच्या परिषदेत निजामी राज्यातील अस्पृश्यांना हाक दिली. ती हाक औंढा, सेनगावच्या वस्त्यांपर्यंत कोणत्या वाटेने, कोणाच्या तोंडून पोहोचली, याचे उत्तर हैदराबाद शहरात बसून मिळणार नाही. ते उर्दू दप्तरांत आणि जलशांच्या वह्यांत आहे. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयात शिकलेल्या पहिल्या पिढीच्या आठवणींत ते आहे.

नामांतराच्या बाबतीत मात्र ऑम्व्हेट यांनी मराठवाड्याकडे पाठ फिरविली नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव संमत केला आणि त्याच दिवसापासून दंगल उसळली. तेव्हाचा परभणी जिल्हाही तीत होरपळला. डाव्या विद्वानांपैकी अनेकांना ही कुलकांची वर्गीय प्रतिक्रिया वाटली. जात व जमीन या दोहोंचा एकत्र विचार केल्याशिवाय जळालेल्या वस्त्यांचा अर्थ लागत नाही, असे ऑम्व्हेट यांचे म्हणणे होते. ते योग्यच होते.

तथापि याच सूत्राशी त्या पुढे एकनिष्ठ राहिल्या काय? १९९० नंतर शेतमालाचा भाव आणि खुली अर्थव्यवस्था यांचा त्यांनी जो पुरस्कार केला, तो अनेक आंबेडकरवाद्यांना रुचला नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी शेती राज्याच्या मालकीची करण्याची योजना मांडली होती. नोकरशाहीच्या जाचाविषयी ऑम्व्हेट यांनी दिलेला इशारा निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ज्याचे वाडवडील १९५३ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाची आठवण सांगत, त्याला कापसाच्या वाढीव भावातून काय मिळणार, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या लेखनात आम्हांला आढळले नाही.

२००३ च्या ‘बुद्धिझम इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी बौद्ध धम्माला ब्राह्मण्याशी शतकानुशतके झुंजलेली स्वतंत्र संस्कृती म्हणून उभे केले. चार आर्यसत्यांविषयी बाबासाहेबांनी उपस्थित केलेल्या शंकेला त्यांनी बगल दिली नाही. अयोथीदास यांच्या तमिळ बौद्ध चळवळीला त्यांनी १९५६ च्या धम्मक्रांतीच्या पूर्वपरंपरेत स्थान दिले. मराठी वाचकाला ही ओळख फार उशिरा झाली. उणीव आहे ती वेगळी. ग्रंथांतील धम्म येथे भरपूर आहे, खेड्यातील धम्म क्वचितच दिसतो. देव्हाऱ्यातील टाक नदीत सोडणारी म्हातारी किंवा वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मोठ्याने वाचून दाखविणारा शिक्षक हीदेखील धम्मक्रांतीची साधनेच होत.

ती साधने गोळा करण्याचे काम कासेगावच्या विदुषीने करावे अशी अपेक्षा धरणेच चुकीचे. जिल्ह्यातील विहारांनी आपापल्या गावच्या १९५६ पूर्वीच्या पिढीची टिपणे, ‘जनता’ व ‘प्रबुद्ध भारत’चे जपलेले अंक, समता सैनिक दलाच्या पावत्या यांची यादी तरी करावी. उर्दू वाचणारे वृद्ध आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत; निजामी दप्तरांचे वाचन त्यांच्याकडून आधी करून घ्यावे, लेखनाचे नंतर पाहता येईल.