शाळेच्या पासवर्डची चावी कोणाकडे?

शाळांमधली सायबर सुरक्षेची भाषणे आता आपल्या ओळखीची झाली आहेत. पोलीस अधिकारी येतात, मुले मांडी घालून बसतात. ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, फसलात तर १९३० ला फोन करा, असे सांगितले जाते. हे सांगायलाच हवे. आमचा आक्षेप वेगळा आहे. सगळा धडा आपण मुलाला देतो आणि शाळेच्या ऑफिसला मात्र वर्गाबाहेर ठेवतो.

मुलाच्या हातात असतो तो फार तर आईचा मोबाईल. ऑफिसात काय असते बघा: प्रत्येक मुलाची जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, पत्ता, पालकांचे फोन, शिष्यवृत्तीसाठी बँक खाते. २०१५ मध्ये सरल आले, पुढे यूडायस प्लस, आणि आता पालकांच्या संमतीपत्रावर अपार आयडी. हे भरायचे कसे? अनेक ठिकाणी सगळ्या शिक्षकांत मिळून एकच लॉगिन, पासवर्ड कपाटाच्या दाराला चिकटवलेला. शेवटची तारीख आली की कोणी स्वतःच्या फोनवरून भरतो, कोणी सायबर कॅफे गाठतो. आधारचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवले जातात. शिक्षकाची बदली होते, पासवर्ड तोच राहतो.

यात काय बिघडते, असे कोणी विचारेल. २०२५ मध्ये गाजलेला नागपूर विभागातला शालार्थ आयडी घोटाळा आठवा. अपात्र लोकांच्या नावे आयडी तयार करून सरकारी पगार काढल्याचा आरोप झाला, अटकाही झाल्या. परदेशात बसलेल्या कुणा हॅकरने कुलूप फोडले, असा हा प्रकार नव्हे. आरोप व्यवस्थेतल्याच माणसांवर आहेत. दुसरे उदाहरण केंद्राच्या दीक्षा अ‍ॅपचे. जानेवारी २०२३ मध्ये 'वायर्ड'ने दाखवून दिले की १० लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडली होती. मुलांनी कुठलीच चुकीची लिंक उघडली नव्हती, बरं का!

बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश निघाला. योग्यच होता. पण कॅमेरा कारखान्यातून आलेल्या पासवर्डवरच चालू राहिला, तर मुलांवर नजर नक्की कोणाची राहील?

कायदा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद त्यात आहे आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण ज्या शाळेत लिपिकाची जागाच रिकामी, तिथे हा आकडा ऐकून काय बदलणार? महापेला, म्हणजे आपल्या शेजारीच, राज्याचा ८३७ कोटींचा सायबर प्रकल्प उभा आहे. त्याची सावली शाळेच्या कपाटापर्यंत पोहोचायला हवी.

यावर शिक्षक म्हणतात, आधीच अशैक्षणिक कामांनी जीव मेटाकुटीला आलाय, त्यात हे आणखी एक! त्यांचे म्हणणे खरे आहे. एकच लॉगिन सगळ्यांनी वापरणे, ही सवय त्या ओझ्यातूनच लागते. म्हणून हे काम शिक्षकाच्या गळ्यात न बांधता जिल्हा परिषदेने, महापालिकेने आणि खासगी संस्थांनी अंगावर घ्यावे. दर केंद्रामागे एक तंत्रज्ञ द्यावा. पोर्टलवर सोय असेल तिथे प्रत्येकाला वेगळा लॉगिन आणि दुहेरी पडताळणी असावी. बदलीच्या दिवशी चार्ज देताना पासवर्ड बदलावा. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत नेटला न जोडलेल्या ड्राइव्हवर असावी. आणि आधारचे फोटो ग्रुपवर मागवणे आजपासून बंद. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर एक पैसाही लागत नाही.

राहिलो आपण पालक. शाळेत मूल घालताना आपण पाणी, स्वच्छतागृह, बस, सगळे बघतो. येत्या पालक सभेत एवढेच विचारू या: आमच्या मुलांची माहिती कोण कोण उघडू शकतो, आणि पासवर्ड शेवटचा कधी बदलला? उत्तर लगेच मिळाले तर शाळेचे कौतुक करू. नाही मिळाले, तर पुढच्या सभेत पुन्हा विचारू.