समानधर्म्यांची शिफारस

टीकाकारानें ग्रंथाचे गुणदोष तोलून दाखवावे, आणि तो निवाडा वाचून रसिकानें ग्रंथ हातीं घ्यावा, असा क्रम आमच्या वाङ्मयविवेचनांत गृहीत धरलेला असतो. व्यवहार निराळाच आहे. पुस्तक घरांत येतें तें बहुधा शेजाऱ्याच्या, मेहुण्याच्या किंवा कचेरींतल्या सोबत्याच्या एका वाक्यानें: 'हें वाचाच.' सिनेमा, गाणें, रहस्यकथा अशा लोकप्रिय कलांच्या बाबतींत तर टीकाकाराचा लेख छापून येण्यापूर्वींच गांवभर निकाल लागलेला असतो. बाबूराव अर्नाळकरांनीं हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचणाऱ्या पिढीस कोणा समीक्षकानें बोट धरून त्यांच्याकडे नेलें नव्हतें. एका मुलानें दुसऱ्याच्या हातांत पुस्तक दिलें, एवढेंच. आवडीची ही देवघेव सगळ्या वाङ्मयव्यवहाराचा पाया असूनहि तिची चिकित्सा सहसा कोणी करीत नाहीं. ती येथें थोडीशी करावी असा आमचा हेतु आहे.

प्रथम शब्दच पाहूं. 'शिफारस' आणि 'फर्माईश' हे दोन्ही शब्द फारसींतून आले. परभणी, जिंतूर, पाथरी हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. त्यामुळें हे शब्द येथें घरच्यासारखे नांदले. कचेरींतल्या शिफारशीस मात्र वशिल्याचा वास असे. कोणाचें तरी काम व्हावें म्हणून वजनदार माणसानें टाकलेला तो शब्द. त्यांत परतफेडीची अपेक्षा अध्याहृत. रसिकाची शिफारस नेमकी उलटी आहे. तींत सांगणाऱ्यास कांहींच मिळावयाचें नसतें. उलट स्वतःची पत गहाण टाकून तो दुसऱ्याचे तीन तास मागत असतो. चित्रपट भिकार निघाला तर तोटा त्याच्याच नांवावर मांडला जातो. जाहिरात आणि शिफारस यांतला भेद हाच. जाहिरात करणाऱ्याचा पैसा अडकलेला असतो, शिफारस करणाऱ्याचा शब्द.

मग हा उपद्व्याप माणूस करतो कशासाठीं? आनंद एकट्यानें भोगून पुरा होत नाहीं, हें त्याचें खरें कारण आहे. आपली उपेक्षा होत असल्याचा सल 'मालतीमाधवा'च्या आरंभीं बोलून दाखवितांना भवभूतीनें, आपणांस समजून घेणारा कोणी समानधर्मा केव्हां तरी, कोठें तरी जन्मास येईल, असा दिलासा स्वतःस दिला. लेखकास समानधर्मा हवा असतो, तसा तो वाचकासहि हवा असतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें मांडली आहे. 'मला हें रुचतें' असें म्हणणारा माणूस आपल्यापुरतें बोलतो. पण 'हें सुंदर आहे' असें म्हणतांच तो इतरांच्याहि संमतीची मागणी करीत असतो. ही संमति पुराव्यानें मिळवितां येत नाहीं. म्हणून ती वस्तु दुसऱ्यापुढें ठेवून 'तुम्हीच पाहा' म्हणण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. शिफारस म्हणजे आपल्या सौंदर्यनिर्णयाचा असा मागितलेला पडताळा होय.

हुकूम काढून अशी संमति मिळत नाहीं, याचें ठळक उदाहरण एका महाराष्ट्रीय मंत्र्यानेंच घालून दिलें. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्रांत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, आणि सिनेमाचीं गाणीं जनतेची अभिरुचि बिघडवितात अशी त्यांची समजूत होती. आकाशवाणीवरून तीं जवळजवळ हद्दपार झालीं. परिणाम काय झाला? श्रोत्यांनीं रेडिओचा कांटा सिलोनकडे वळविला. १९५२ सालींच रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि बुधवारची संध्याकाळ तिच्या नांवें लागली. शेवटीं १९५७ च्या ऑक्टोबरांत सरकारासच 'विविध भारती' काढावी लागली. केसकरांस जें आवडत होतें तें थोर होतें, यांत शंका नाहीं. शास्त्रीय गायकवादकांस त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवर मोठा आश्रय मिळाला, हेंहि खरें. दोष आवडींत नव्हता, रीतींत होता. शेजारीं बसून यमन ऐकविणें ही शिफारस. दुसरें कांहीं ऐकूंच न देणें ही जप्ती. वर्गांत नेमलेल्या पुस्तकांची गोडी मुलांस कां लागत नाहीं, असा प्रश्न आम्हां शिक्षकांस पडतो, त्याचें उत्तरहि बरेंचसें येथेंच आहे.

सिलोनपासून आकाशवाणीच्या 'आपली आवड'पर्यंत श्रोत्यांच्या पत्रांवर चाललेल्या कार्यक्रमांचा विचार केला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. पोस्टकार्ड धाडणाऱ्यास तें गाणें बहुधा पाठच असे. तें त्यानें पुन्हां लावावयास सांगावें, आणि खालीं घरांतल्या मंडळींचीं, मित्रांचीं व गांवाचें नांव लिहावें, यांत केवळ ऐकण्याची हौस नव्हती. आपण निवडलेलें गाणें इतरांच्याहि कानीं पडावें, आणि तें कोणीं निवडलें हें त्यांस कळावें, ही ती इच्छा. आज झारखंडांत असलेलें झुमरीतलैया हें गांव तेथील श्रोत्यांच्या फर्माईशींच्या चिकाटीमुळेंच साऱ्या हिंदुस्थानास ठाऊक झालें. चाहत्यांच्या ह्या वेडास हंसणें सोपें आहे. पण ज्यांस मासिकांत लेख लिहिण्याची सोय नव्हती, त्यांचें तें एका ओळीचें रसग्रहण होतें, हें विसरूं नये.

त्यांतलें वैगुण्यहि सांगितलें पाहिजे. पोस्टकार्ड 'काय' तें सांगे, 'कां' तें सांगत नसे. गीतमालेची क्रमवारी तर रेकॉर्डांचा खप आणि श्रोता-संघांचीं मतें यांवरून लावली जाई. म्हणजे आवडीची बेरीज झाली. गाणें किती जणांस आवडलें हें बेरजेनें कळतें. तें आपणांस कां आवडावें हें कळत नाहीं. आज हातांतल्या मोबाइलनें ही गणती कमालीची सूक्ष्म केली आहे. यूट्यूब, नेटफ्लिक्स यांच्यामागचें यंत्र आपण काल काय पाहिलें हें ध्यानांत ठेवून आज तसलेंच पुढें करतें. यंत्राची निवड चुकते असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळदां ती अचूक ठरते. पण ही अचूकताच त्याची मर्यादा आहे. काल घेतलेल्या मापावर तें उद्याचा सदरा बेततें. मित्र मात्र म्हणतो, 'हें तुम्हांस पहिल्यानें रुचणार नाहीं, तरी पाहा.' हें वाक्य यंत्राच्या हिशेबांत बसत नाहीं, कारण आपण बदलूं अशी आशा धरण्याचें त्यास कारण नसतें. व्हॉट्सॲपवरून येणारे 'अवश्य पाहा'चे निरोप तर यंत्राहूनहि हलके. पाठविणाऱ्यानें तें स्वतः पाहिलेलें असतेंच असें नाहीं. न चाखतां वाढलेलें तें ताट आहे.

तेव्हां चांगल्या शिफारशीच्या कसोट्या कोणत्या? पहिली ही, कीं सांगणाऱ्यानें ती कृति शेवटपर्यंत अनुभवलेली असावी. दुसरी, ती कोणास सांगावयाची याचा विचार केलेला असावा. पथ्यावरच्या माणसास श्रीखंडाचा आग्रह करणें हा जिव्हाळा नव्हे. तिसरी, दोष झांकलेले नसावे. 'पहिलीं पन्नास पानें कंटाळवाणीं आहेत, तीं सोसा' असें सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. चौथी, पाहणाऱ्याचा निर्णय त्याच्याकडेच ठेवलेला असावा. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ सालीं आला, तेव्हां ह्या चौथ्या कसोटीची परीक्षा घरोघर झाली. त्याच्या गाण्यांवर चित्रपटगृहांत लोक नाचले, आणि गाण्यांसाठीं गेलेले प्रेक्षक शेवटाच्या शांततेनें सुन्न होऊन बाहेर पडले. हा चित्रपट दुसऱ्यास कसा सांगावा? शेवट सांगितला तर आघात बोथट होतो. नुसतीं गाणीं सांगितलीं तर जातीच्या क्रौर्याचा जो प्रश्न त्यांत आहे तो लपवून ठेवल्यासारखें होतें. 'गाणीं गोड आहेत; पण शेवटपर्यंत बसा, आणि मग आपण बोलूं,' असें म्हणणारा मित्र आमच्या मतें उत्तम टीकाकार होय. त्यानें कांहीं फोडलें नाहीं, फसविलेंहि नाहीं, आणि पुढच्या संभाषणास जागा ठेवली.

याहून महत्त्वाचा प्रश्न शिफारस कोणापर्यंत पोंचते हा आहे. आपण सुशिक्षित मंडळी पुस्तकें आणि गाणीं सुचवितों तीं बहुधा आपल्यासारख्यांसच. आळी एक, शाळा एक, पुष्कळदां जातहि एक. अशा वर्तुळांत आवड फिरत राहते, वाढत नाहीं. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचीं गीतें मराठवाड्यांतल्या वस्त्यावस्त्यांतून गायकांच्या आणि कॅसेटींच्या वाटेनें पसरलीं, आणि असंख्यांस मुखोद्गत झालीं. त्याच गांवांतल्या दुसऱ्या आळींत त्या वेळीं भावगीतांच्या रेकॉर्डी वाजत होत्या. दोहोंत अंतर हांकेचें. पण एका आळींतून दुसरीस 'हें ऐका' अशी हांक क्वचितच गेली. नुकसान दोघींचेंहि झालें. अधिक झालें तें, आपल्या कानाबाहेर काव्यच नाहीं असें समजणाऱ्यांचें.

वर्तुळ ओलांडतां येतच नाहीं असें मात्र नाहीं. गंगाखेडची जनाबाई दासी म्हणून राबली; तिची वाणी सुमारें सातशें वर्षें टिकली ती जात्यापाशीं बसलेल्या बायांनीं आणि दिंडींतल्या वारकऱ्यांनीं एकमेकांस ती ऐकविली म्हणून. परभणींत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दर फेब्रुवारींत भरतो, आणि त्यास सर्व धर्मांचे लोक जातात. तेथें कव्वाली ऐकून आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यापाशीं तिची वाखाणणी करतो, तेव्हां तो नकळत दोन घरांमधली भिंत थोडी उतरवीत असतो. व्याख्यानांनीं जें सहज साधत नाहीं तें कधीं कधीं एका गाण्याच्या शिफारशीनें साधतें.

आतां आमच्या जिल्ह्यास लागू पडणारी एक गोष्ट सांगून हें विवेचन संपवितों. बी. रघुनाथ यांचा जन्म १९१३ सालीं तेव्हांच्या परभणी जिल्ह्यांतल्या सातोना गांवीं झाला. निजामाच्या बांधकाम खात्यांत कारकुनी करीत त्यांनीं 'आलाप आणि विलाप'सारखा काव्यसंग्रह, 'बाबू दडके'सारखी कादंबरी आणि पुष्कळ कथा लिहिल्या, आणि १९५३ सालीं, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, ते परभणींत वारले. त्यांच्या नांवानें येथें महोत्सव होतो, हें भूषणावह आहे. परंतु महोत्सवानें लेखकाचें नांव राहतें. लेखक राहतो तो वाचकामुळें. 'आपल्या जिल्ह्याचे थोर साहित्यिक' अशी ओळख करून दिली कीं तरुण मनुष्य आदरानें मान लववितो आणि पुढें जातो. त्याऐवजीं ज्यास कचेरीच्या टेबलाशीं बसून आपलें आयुष्य आटत चालल्यासारखें वाटतें, त्याच्या हातीं रघुनाथांची एखादी कथा द्यावी आणि सांगावें, 'हा मनुष्य तुमच्यासारखाच दिवसभर फाइली पाहात असे. कांहीं ठिकाणीं भाषा अवघड वाटेल. वाचून परत करा, आणि काय वाटलें तें सांगा.' परत आणून देतांना जें बोलणें होईल त्यांतून लेखकास एक नवा समानधर्मा मिळेल. मुंबई-पुण्याच्या मासिकांनीं आमच्या लेखकाकडे पाहिलें नाहीं, अशी तक्रार आम्ही परभणीकर पुष्कळ वेळां करतों. ती करण्यापूर्वीं प्रत्येकानें आपण स्वतः त्यांचें पुस्तक किती जणांच्या हातीं दिलें, याचा हिशेब मांडून पाहावा.